झार पडला तेव्हा लेनिन रशियात नव्हताच, मग पाडला कोणी?

पिंपळपान:
मंडळी एक शंका. शाळेत रशियन राज्यक्रांती म्हणजे लेनिन, लाल झेंडा आणि झारची गच्छंती असं एका दमात उरकलं होतं, पण आता वाचतेय तर दुसऱ्या निकोलसने गादी सोडली मार्च 1917 ला आणि लेनिन तेव्हा झुरिचमध्ये. मग राजधानी पेट्रोग्राडमध्ये केलं कोणी हे सगळं? तीनशे वर्षांची राजवट, एवढं अवाढव्य सैन्य, आणि आठवड्याभरात खेळ खल्लास? आतून काहीतरी शिजलेलं असणार असं वाटतंय. प्लीज नुसती लिंक टाकून पळू नका.

उंबरठा:
सुरुवात बायकांनी केली. 8 मार्च, म्हणजे तिकडच्या जुन्या कॅलेंडरने 23 फेब्रुवारी (ते 13 दिवस मागे होतं, म्हणून फेब्रुवारी क्रांती). महिला दिन होता. व्हायबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांमधल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. देशात धान्य नव्हतं असं नाही हं, पण पहिल्या महायुद्धामुळे रेल्वेचे बारा वाजलेले, शहरात पीठ पोचत नव्हतं, आणि या बायका कडाक्याच्या थंडीत ब्रेडच्या रांगेत तासन् तास उभं राहून वर पाळी भरायला जायच्या. त्या निघाल्या त्या थेट शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांवर, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले आणि आतल्या गड्यांना बाहेर काढलं. गंमत म्हणजे तिथल्या बोल्शेविक (म्हणजे लेनिनच्याच पक्षाच्या) कार्यकर्त्याने आदल्या संध्याकाळी त्यांना समजावलेलं की आत्ता संप नको. कोण ऐकतंय! त्यात पुतिलोव कारखान्याने आदल्याच दिवशी टाळेबंदी केलेली, तेही हजारो कामगार मोकळेच होते.

खडूस_आजोबा:
हे सगळं खरं, पण ब्रेडच्या रांगांनी राजे पडत नाहीत हो. 1905 ला पण लोक रस्त्यावर होतेच की, तेव्हा फौज राजाच्या बाजूने राहिली म्हणून तो तरला. 1917 चा फरक फौजेत आहे. मुरलेले गार्ड सैनिक आघाडीवर मेलेले, पेट्रोग्राडच्या बराकींमध्ये उरली ती नवी भरती, शेतकऱ्यांची आणि कामगारांची पोरं. झार बसलेला दूर मोगिल्योवला लष्करी मुख्यालयात, तिथून तार केली की गडबड उद्याच्या उद्या थांबवा. जुन्या कॅलेंडरच्या 26 फेब्रुवारीला, रविवारी गोळीबार झाला, झ्नामेन्स्काया चौकात व्होलिन्स्की रेजिमेंटच्या पोरांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. आणि रात्री तीच पोरं बराकीत बसून बोलली की उद्या जायचं नाही. सकाळी किर्पिच्निकोव नावाचा सार्जंट पुढे, कप्तान लाश्केविच आला तर त्याचा हुकूम ऐकेनात, तो मागे फिरला आणि अंगणातच गोळी लागून पडला. आता परत फिरलो तर फाशीच, मग दुसऱ्या रेजिमेंटनाही सोबत घेणं आलंच. शेजारच्या बराकींमध्ये घुसले, संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक फितूर. माझ्या मते राजवट त्या सकाळी संपली, पुढचं सगळं कागदपत्र.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री:
झारच्या घरात वजन असलेल्या त्या साधूचं, रासपुटिनचं, अजून कोणी नावच घेतलं नाही??

खडूस_आजोबा:
तो डिसेंबर 1916 मध्येच मेला बाबा. तो गेल्यावर कारभार सुधारला का? नाही ना. मग सोड.

वाटसरू:
आजोबा, कागदपत्रात पण दम आहे की. राजधानी गेली तरी लाखोंची फौज आघाडीवर होतीच, ती आणून शहर चिरडता आलं असतं. ते सेनापतींनी होऊ दिलं नाही. झारची ट्रेन रस्त्यात अडली, वळून प्स्कोवला गेली, आणि मोगिल्योवच्या मुख्यालयातून जनरल अलेक्सेयेवने सगळ्या आघाडीप्रमुखांना तारा करून विचारलं की राजाने गादी सोडावी का, आणि उत्तरं आली सोडावी! खुद्द झारच्या वडिलांचा चुलत भाऊ ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच, त्यानेही तेच कळवलं. सह्या घ्यायला गेलेले गुचकोव आणि शुल्गिन हे पुढारी तर राजेशाहीवालेच, त्यांना राजा बदलून राजेशाही वाचवायची होती. त्या रात्री झारने डायरीत लिहिलंय, सगळीकडे गद्दारी, भित्रेपणा आणि फसवणूक.

पिंपळपान:
म्हणजे जनरल लोकांचा कट होताच ना?

वाटसरू:
कटाच्या गप्पा खूप होत्या, गुचकोव स्वतः राजवाड्यात उलथापालथ करायच्या विचारात होता, पण बायका आणि सैनिक त्याच्या आधी पोचले. जनरल लोक घडलेल्या गोष्टीवर शिक्का मारायला आले. लेनिन आला एप्रिलमध्ये, आणि त्याने नंतर पाडलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार, झार नाही.

उंबरठा:
आणि झारचा भाऊ मिखाईल राहिला की. निकोलसने गादी त्याच्या नावावर केली, पण दुसऱ्या दिवशी एका सरदारीण बाईंच्या फ्लॅटवर सगळे पुढारी जमले, मिखाईलने ड्यूमाच्या (तिकडच्या संसदेच्या) अध्यक्षाला, रोद्झ्यांकोला विचारलं माझ्या जिवाची हमी देता का, तो म्हणाला नाही देता येत. मग यानेही लिहून दिलं की संविधान सभेने बोलावलं तरच येईन. संविधान सभा भरली जानेवारी 1918 मध्ये, एक दिवस चालली आणि बोल्शेविकांनी कुलूप लावलं.