मदत हवी आहे: टोटल लॉस झालेली ऑक्टाविया आरएस २३० घ्यावी का?

पुण्यात २०१८ची आरएस २३० (स्कोडाची वेगवान सेडान) बघितली. पुढून ठोकलेली, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेल्याने विमा कंपनीने टोटल लॉस धरली, मग डीलरने ती मोडकी गाडी विकत घेऊन दुरुस्त केली. हे त्याने स्वतःहून सांगितलं, हे एक बरं. आरसी चालू, कर्जाचा बोजा नाही.

पेंट मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) लावला. छत आणि मागचे दरवाजे १२० मायक्रॉनच्या आसपास, डावा फेंडर मात्र ४००च्या वर, म्हणजे खाली पुट्टी आहे. बॉनेट उघडल्यावर डाव्या एप्रनचे (चाकावरच्या आतल्या पत्र्याचे) स्पॉट वेल्ड, म्हणजे जोडाचे ठिपके, उजव्या बाजूसारखे दिसत नाहीत, वर सीलंट हाताने फासलेलं. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. एअरबॅगचा दिवा इग्निशनला लागून विझतो, पण एअरबॅगच्या जागी नुसता रेझिस्टर टाकूनही तो विझवता येतो म्हणे. दुरुस्तीच्या जुन्या बिलांत एअरबॅगचं नावच नाही! टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी सरळ धावली, पण शहरात ६०च्या वर कुठे जाणार?

गाडी घरच्यांना घेऊन एक्सप्रेसवेवर चालवायची आहे, ट्रॅकसाठी नाही. 'घेऊच नका' हे ऐकून झालंय, आणि ते चुकीचं आहे असंही नाही. पण किंमत मोह पाडणारी आहे.

डॅशबोर्ड न फोडता एअरबॅग खऱ्या आहेत की नाही हे कसं कळेल? चॅसी लेगची (गाडीच्या पुढच्या सांगाड्यातल्या मुख्य दांड्यांची) मापं कंपनीच्या आकड्यांशी ताडून लेखी रिपोर्ट देणारं कुणी पुण्यात माहीत आहे का? आणि अशा गाडीचा फुल इन्शुरन्स कुणी काढला असेल, तर पुढे क्लेम करताना अडचण आली का?