बार्शी लाईटची इंग्लंडमधली बहीण १९३४ मध्ये बंद केली, ते बरोबर झालं का?

भोगावती
मी मूळची बार्शीची, आता मँचेस्टरजवळ राहते. मागच्या रविवारी स्टॅफर्डशायरमध्ये ह्यूम एंडला जाऊन आले. चार घरं, एक पब आणि एक बंद रेल्वे स्टेशन, एवढंच गाव. जायचं कारण म्हणजे ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉपची. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी लाईन, म्हणजे आपली बार्शी लाईट, सुरू केली तोच हा इंजिनिअर. बार्शीत जमलेलं गणित त्याने इकडे मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात आणलं. तोच अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही हाच नियम. इंजिनंही दोन्हीकडे लीड्सच्या किटसन कारखान्यातली. लाईन ह्यूम एंड ते वॉटरहाउसेस, साधारण १३ किलोमीटर. २७ जून १९०४ ला सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये संपलीसुद्धा.

तिकीटघराची लाकडी इमारत अजून उभी आहे, आत माहिती केंद्र आहे. भिंतीवरच्या जुन्या फोटोत इंजिनाच्या कपाळावर हा एवढा मोठा दिवा दिसतो. इंग्लंडमध्ये रुळाच्या दोन्ही बाजूंना कुंपण असतं, तिथे असा दिवा कोण लावतो? आपल्याकडे रात्री रुळावर म्हैस बसलेली असायची, म्हणून तो लागायचा. मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होते. माझे आजोबा आषाढीला याच जातीच्या गाडीने पंढरपूरला जायचे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही लाईन बंद करणं चूक होतं. वाटेवरच्या एक्टनच्या डेअरीचं दूध हा तिचा मुख्य माल. ती डेअरी बंद झाली आणि पाठोपाठ कंपनीने रूळच गुंडाळले. एक गिऱ्हाईक गेलं म्हणून दुकान मोडायचं नसतं. बार्शी लाईट तोट्यात होती तेव्हा कुणी असाच हिशोब केला असता तर? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच वाटेने. ब्रॉडगेज झाली म्हणून गेली, पण मुळात वाट शाबूत होती म्हणून ब्रॉडगेज झाली.

आकडेमोड
ताई, जिव्हाळा समजतो, पण तुलना पटत नाही. लातूरमध्ये लाखो लोक तहानलेले होते. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात माणसं किती? स्टेशनांची जागा तरी बघा. वेटन, ग्रिंडन, बटरटन ही गावं वर डोंगरावर आणि त्यांची स्टेशनं खाली नदीकाठी. बाजार करून परत आलात की पिशव्या घेऊन चढ चढायचा. मोटारबस दारात यायला लागल्यावर कोण उतरणार खाली? मालाचंही तेच. दुधाची लॉरी थेट गोठ्यापर्यंत जाते.

आणि बंद करून वाया काय गेलं? कंपनीने जमीन काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, दिली आणि १९३७ मध्ये तिथे पायवाट खुली झाली. उन्हाळ्यात वेटन मिलपाशी नदी चुनखडीत मुरून गडप होते, तिच्या कोरड्या पात्राकडेने ही वाट जाते. मी माझ्या सासऱ्यांना व्हीलचेअरवरून एक्टनच्या पुढपर्यंत नेलं. पॅरालिसिसनंतर ते पहिल्यांदाच असे रानात आले होते. डोंगराळ मुलुखात असा सपाट रस्ता मिळाला तो रेल्वेचा चढ हलका होता म्हणूनच. वर्षाला चार डबे दूध वाहण्यापेक्षा हा उपयोग मला मोठा वाटतो.

शेफिल्डवासी
"चार डबे दूध" हे चुकीचं आहे. कॅलथ्रॉपने इथे नवीन गोष्ट केली होती. मोठ्या लाईनचा वॅगन जसाच्या तसा छोट्या रुळावरच्या वाहक गाडीवर चढवायचा. कुर्डुवाडीला हमाल मोठ्या गाडीतली पोती छोट्या गाडीत भरायचे, ती दगदग इथे नव्हती. बाहेरचा वॅगन थेट खोऱ्यात यायचा.

ग्रिंडनचं नाव घेतलंत, तर १९४७ चा फेब्रुवारीही आठवा. बर्फाने ही गावं इतकी तोडली की हवाई दलाला विमानातून अन्न टाकावं लागलं. १३ फेब्रुवारीला एक हॅलिफॅक्स विमान ग्रिंडनच्या माळावर कोसळलं आणि त्यातले आठही जण गेले. ग्रिंडनच्या चर्चमध्ये त्यांची स्मृती जपली आहे. लाईन बंद होऊन तेव्हा १३ वर्षं होत आली होती. पर्यायी वाट ठेवायची असते ती अशा दिवसासाठी.

आकडेमोड
त्या आठ जणांबद्दल मला आदरच आहे, पण त्यांचा मृत्यू रेल्वेच्या खात्यावर मांडू नका. त्या हिवाळ्यात ब्रिटनभर रेल्वेगाड्याही बर्फात अडकल्या होत्या. अडीच फुटी गाडी खोल दरीतून आली असती असं धरलं, तरी पोती घेऊन ग्रिंडनचा चढ बर्फात कोण चढणार होतं?

भोगावती
हा मुद्दा मान्य. त्या आठवड्यात गाडी आली असतीच असं मी म्हणणार नाही.

पण "वाया काय गेलं" याचं उत्तर देते. या वाटेवरचा स्वेन्स्ली बोगदा रेल्वेसाठी खोदला होता, आज त्यातून मोटारी जातात. आम्ही आत चालत होतो आणि समोरून गाडी आली. दोन्ही मुलांना भिंतीला चिकटवून उभं केलं. पाण्याने भिजलेली गार भिंत, अंगावर हेडलाइट, इंजिनाचा आवाज घुमतोय. धाकटी रडायलाच लागली. १९५१ मध्ये हा प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. त्यानंतर इथे येणाऱ्याला गाडी काढल्याशिवाय गत्यंतर नाही. रविवारी ह्यूम एंडला उतरता येईल अशी बस मला तरी सापडली नाही. पायवाट सुंदर आहे, पण तिथपर्यंत पोचायला मोटार लागते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्यासाठी हे खोरं १९०४ पेक्षा आज लांब आहे. तुमचे सासरे तरी कशातून आले?

आकडेमोड
मोटारीतून. हो, ते खरं आहे.

तरीही रेल्वे हे त्याचं उत्तर नाही, नियमित बस हे आहे. तिचा खर्च रेल्वेच्या पासंगालाही पुरणार नाही. बोगद्यातून मोटारी बंद करा या मागणीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा.

लालडबा
मी पाचोऱ्याचा. तुम्ही दोघं इंग्लंडवर भांडताय, मला आपली काळजी वाटते. आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी थांबली. विदर्भात शकुंतला ही छोटी गाडीही थांबली. आकडेमोड यांचं ऐकून कुणी म्हणेल, रूळ काढा आणि सायकलसाठी वाट करा. तिकडे काउंटीने जमीन ताब्यात घेतली आणि ९० वर्षं सांभाळली. आपल्याकडे रूळ उचलल्यावर वर्षभरात टपऱ्या लागतात, कडेचा शेतकरी बांध सरकवतो, कुणाच्या तरी प्लॉटिंगचा बोर्ड येतो. मग ना गाडी, ना वाट. मी भोगावती यांच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे. गाडी नाही चालवता आली तरी चालेल, एक सलग पट्टा म्हणून जमीन शाबूत ठेवा.

आकडेमोड
लालडबा, यात आपला वाद नाहीच. मॅनिफोल्डमध्येही नेमकं हेच झालं. कंपनीने तुकडे पाडून विकलं असतं तर भोगावती ताईंना रविवारी बघायला काही उरलं नसतं. मी बंद करण्याच्या बाजूने बोलतोय, विकण्याच्या नाही.

भोगावती
मग आपल्यात फरक एवढाच उरला की तुम्हाला १३ किलोमीटर सपाट वाट पुरते आणि मला तिच्यावर गाडी हवी आहे. मी माझं मत बदललेलं नाही. लालडबा, पाचोरा-जामनेरच्या कडेला आत्ता काय परिस्थिती आहे? फोटो असतील तर टाका. मी जानेवारीत बार्शीला येतेय, पाचोऱ्यालाही येऊन बघेन.