अर्धशिशीच्या रुग्णांची गुठळीच्या अँटिबॉडीजसाठी तपासणी व्हावी का?

सांजवेळ
बहिणीला तरुणपणापासून अर्धशिशी. आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमचमत्या रेषा, मग अर्धं डोकं ठणकायला लागायचं. लागोपाठ गर्भपात झाले तेव्हा कुठे रक्त तपासलं आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज निघाल्या. या अँटिबॉडीजमुळे रक्तात गुठळ्या होतात, पक्षाघातही होऊ शकतो. ब्रिटिश डॉक्टर ग्रॅहॅम ह्यूज यांनी हा विकार, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, १९८३ मध्येच मांडला होता. माझं स्पष्ट मत आहे : अर्धशिशीचं निदान झालं की ही तपासणी व्हायलाच हवी.

अवलिया
बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण सरसकट तपासणीला माझा ठाम विरोध. अर्धशिशी साधारण सातातल्या एकाला असते. या अँटिबॉडीज धडधाकट माणसांतही सापडतात, एखाद्या संसर्गानंतर तात्पुरत्या वाढतात. म्हणून तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एका रिपोर्टवर घाबरून कुणी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली, तर रक्तस्रावाचा धोका फुकटचा. या सिंड्रोमच्या २०२३ च्या वर्गीकरण निकषांतही अर्धशिशी नाही.

कुहू
निकषांत नाही म्हणजे संबंधच नाही, असं कसं? युरोपातल्या या सिंड्रोमच्या १००० रुग्णांच्या नोंदीत जवळपास पाचव्या हिश्श्याला अर्धशिशी होती.

अवलिया
त्या नोंदीत बहुसंख्य बायका होत्या. एरवीही बायकांमध्ये अर्धशिशीचं प्रमाण साधारण तेवढंच असतं! मग जास्तीचं काय सापडलं?

कुहू
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी ऑरावाल्या, म्हणजे आधी चमचमत्या रेषांसारखं काही दिसणाऱ्या, अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट असतो, ते कसं विसरायचं?

अवलिया
विसरू नकाच. पण तो धोका या अँटिबॉडीज नसलेल्यांनाही असतो. त्यांनी सिगारेट सोडावी, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी टाळावी. त्यासाठी ही तपासणी कशाला?

सांजवेळ
‘सरसकट’ मागे घेते. पण गर्भपात, पूर्वीची गुठळी, कातडीवर जाळीसारखे जांभळट वळ, कमी वयात पक्षाघात, यांतलं काही असेल तर? बहिणीला डोकेदुखीच्या गोळ्या लिहून देताना गर्भपातांबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही.

अवलिया
अशांची तपासणी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. फक्त रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्त देण्याआधी सांगा. या तपासणीतलीच एक, ल्युपस अँटिकोअॅग्युलंटची चाचणी, त्याने फसते.

कुहू
माझं अजूनही म्हणणं आहे, की ऑरा असेल तर एकदा तपासावं.