आरजीबी रॅमच्या लाईट सॉफ्टवेअरनं मदरबोर्ड जळते का?

आर्णीचा व्हिडिओवाला

राजेहो, अडचणीत आहे, जाणकारांनी सांगा.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नाचे व्हिडिओ शूट करतो अन् घरीच एडिट करतो. दोन वर्षांआधी सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा नागपूरहून पीसी बांधून आणला. आय५ १२४०० प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन आरजीबी म्हणजे रंगीत लाईटवाल्या रॅम, डीडीआर४ ३२००.

परवा संध्याकाळी भाचा म्हणे, मामा, दोन्ही रॅमचे रंग वेगवेगळे पळून राहिले, एकसारखे कर ना. बोर्डाच्या कंपनीचं लाईटचं सॉफ्टवेअर आधीच होतं. त्यातून जमलं नाही म्हणून रॅमच्या कंपनीचंही टाकलं. टेंपरेचर दाखवणारं एक सॉफ्टवेअर तर माझ्याकडं मे महिन्यात दिवसभर चालूच असते, खोलीवर टिनं आहेत. म्हणजे एकाच वेळी तीन झाले. निळा रंग निवडला, अप्लाय दाबलं अन् माउस जागीच थांबला. पाच मिनिटं वाट पाहिली, मग बटन दाबून बंद केला.

तेव्हापासून चालू होऊन नाही राहिला. पंखे फिरतात, एक रॅम निळी आहे, दुसरी अजून सात रंग पळवून राहिली, स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅम, म्हणजे रॅम, लिहिलं आहे तिथं बारीक पिवळा दिवा लागलेला राहतो.

तालुक्याच्या दुकानात नेला. त्यानं वरवर पाहिलं अन् म्हणे लाईटवाल्या रॅमनं बोर्ड जाळला, नवा साडेअकरा हजाराले पडन. तीन लग्नांचं काम अडलं आहे. अक्षय तृतीयेच्या लग्नातल्या नवरीचा बाप रोज फोन करून राहिला. साडेअकरा हजार म्हणजे माझ्या घरी बियाण्याचे पैसे आहेत. लाईटच्या सॉफ्टवेअरनं बोर्ड खरंच जळते का?

हिंगणघाट रिपेअर

भाऊ, बोर्डाचे पैसे आज देऊ नका. तुम्ही जे लिहिलं त्यावरून मला बोर्डापेक्षा एका रॅमवर जास्त संशय आहे.

आधी वायर काढा आणि पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. दोन्ही रॅम काढा. बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. मग एकच रॅम लावा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत. लावण्याआधी तिची सोनेरी पट्टी पोरांच्या खोडरबरनं हलकेच पुसून भुकटी झटका. चालू केल्यावर घाई नको. सेल काढला की बोर्ड रॅमची जुळवाजुळव नव्यानं करतो, एक-दोन मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. मग ती काढून दुसरी एकटी लावून पाहा.

आता कारण. रॅमवर लाईटसोबत एक इवलीशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये तिच्यात ५१२ बाइट असतात. रॅम किती जीबीची, वेग किती, टायमिंग काय, सगळं त्यात लिहिलेलं. बोर्ड चालू होताना रॅमकडून आधी हेच वाचून घेतो. लाईटचा कंट्रोलरही त्याच दोन तारांवर बसलेला असतो, त्या तारांना एसएमबस म्हणतात. धरणाच्या पाटावर जशी पाळी असते तसंच इथं आहे. ज्याची पाळी त्यानंच पाणी घ्यायचं. सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, एआयडीए६४ या पीसीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांत ही पाळी ठरलेली आहे, एक बोलत असताना बाकीचे थांबतात. लाईटची काही सॉफ्टवेअरं ती पाळत नाहीत, मध्येच पाट फोडतात. मग रंगाचा आकडा लाईटकडे जायच्या ऐवजी एसपीडीत जाऊन बसतो आणि बोर्डाला ती रॅम ओळखूच येत नाही. २०१७ मध्ये जी.स्किल कंपनीच्या ट्रायडंट झेड आरजीबी रॅम आल्या तेव्हा बऱ्याच लोकांना हे भोवलं होतं.

या दोन तारांवरून आकडे जातात. बोर्ड जाळण्याइतका करंट तिथं नाही. हं, बोर्डावर लाईट सांभाळणारी जी वेगळी चिप असते ती मात्र चुकीच्या आदेशानं कायमची बंद पडू शकते. ओपनआरजीबी नावाचं लाईटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की त्यांच्या कामात हार्डवेअरचं नुकसान दोनदा झालं, एकदा एमएसआयच्या काही बोर्डांचे लाईट गेले आणि एकदा एसरचे काही लॅपटॉप बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. पण बोर्डावरची लाईटची चिप गेली तर लाईट जातात, कॉम्प्युटर चालतो. तुमचं तसं दिसत नाही.

वरूडचा संत्रावाला

सहमत आहे. पण लाईटमुळं बोर्डाला कधीच काही होत नाही असं कोणी धरून चालू नये, म्हणून थोडं लिहितो. रॅमचं नाही, पीसीत सजावटीला लावतात त्या एलईडी पट्ट्यांचं.

बोर्डावर लाईटसाठी दोन तऱ्हेच्या पिना असतात. तीन पिनांची ५ व्होल्टची, चार पिनांची १२ व्होल्टची. मी ५ व्होल्टची पट्टी जोर लावून १२ वर बसवली होती. करपल्याचा वास आला आणि पट्टी संपली. बोर्ड वाचला, ते नशीब. दुसरं म्हणजे या पिना साधारण ३ अँपिअरपर्यंतच देतात. ५ व्होल्टच्या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा केला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. साठ एलईडी म्हणजे ३.६ अँपिअर झाले. लांब पट्टी असेल तर तिला पॉवर सप्लायवरून वेगळी वायर द्या.

आणि आर्णीचे भाऊ, अर्थिंग पाहून घ्या. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग तो असून नसल्यासारखा. मी मार्च लागला की आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओततो. आमच्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडावर जे बोर्ड गेले ते विजा आणि खालीवर होणाऱ्या लाईनपायी गेले. लाईट सॉफ्टवेअरनं गेलेला एकही मी पाहिला नाही.

आर्णीचा व्हिडिओवाला

हिंगणघाटचे भाऊ, चालू झाला! काल रात्री सांगितलं तसं केलं. निळी रॅम एकटी लावली, दीड मिनिट काळी स्क्रीन, माझा जीव टांगणीले, मग बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं. आईले हाक मारून दाखवलं. दुसरी एकटी लावली की पुन्हा तोच पिवळा दिवा. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

अर्थिंगचंही खरं निघालं. पत्र्याले बोट लावलं तर मुंग्या येतात. आजवर वाटायचं पीसी असाच असते. घरामागचा खड्डा पाहिला, वर भेगा पडलेल्या, आत मीठ-कोळसा कोरडा खडखडीत. दोन घागरी पाणी टाकलं, वायरमनले उद्या बोलावलं आहे.

आता ती दुसरी रॅम घरी दुरुस्त होते का? एसपीडी परत लिहिता येते असं कुठंतरी वाचलं.

हिंगणघाट रिपेअर

लिहिता येते. थायफून बर्नर नावाचं सॉफ्टवेअर आहे, चांगल्या रॅमचा डेटा घेऊन बिघडलेलीत भरतात. पण त्यासाठी बिघडलेली रॅम लावून पीसी आधी चालू झाला पाहिजे, आणि खाच चुकली तर चांगलीचाही तोच हाल. तुमच्याकडे एकच चांगली उरली आहे आणि लग्नाचं काम डोक्यावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर हात लावला नसता. बिल शोधा. बहुतेक चांगल्या कंपन्यांची रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी असते. बदलून मागा, आणि दुकानात सांगा की एकटी लावली तरी डीरॅमचा दिवा जात नाही.

नवी येईपर्यंत एक काम करा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅमच्या पानावर एसपीडी राइट डिसेबल असा पर्याय असला तर तो ट्रू करा. मग विंडोजमधलं कोणतंही सॉफ्टवेअर त्या चिपवर लिहू शकत नाही. तुमच्या इंटेल बोर्डावर लाईटचा पत्ता वेगळा राहतो, त्यामुळे रंग बहुधा बदलता येतील. आणि लाईटचं सॉफ्टवेअर एकच ठेवा. ते उघडायच्या आधी टेंपरेचरवालं बंद करा, रंग झाला की तेही बंद.

आर्णीचा व्हिडिओवाला

बिल सापडलं, बियाण्याच्या पावत्यांसोबत डब्यात होतं. रॅम कुरियरनं नागपूरले पाठवली. बायोसमधला पर्याय भेटला, ट्रू केला.

आठ जीबीवर एडिटिंग अडखळते, पण प्रॉक्सी म्हणजे व्हिडिओच्या हलक्या नकला बनवून काम ओढलं. अक्षय तृतीयेच्या लग्नाचं रेंडर काल रात्री दहाले लावलं, सकाळी साडेपाचले झालं. पेनड्राइव्ह घेऊन मीच त्यांच्या घरी चाललो आहे. लाईटची दोन्ही सॉफ्टवेअरं काढून टाकली, रॅम अजून निळीच आहे.