डोळे मिटायला का लावतात?

‘डोळे उघडे असताना मी व्यवस्थित उभी राहते, मग तपासणीत डोळे मिटायला लावून काय कळतं?’ एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) तपासणीबद्दलच्या या प्रश्नाचं हे थोडक्यात उत्तर.

तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे या तिघांकडून माहिती घेतो. एमएसमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या तंतूंना इजा झाली, की पाय नेमके कुठे आहेत ही जाणीव मंदावते. डोळे ती उणीव भरून काढतात, त्यामुळे ती लपून राहते. पाय जुळवून डोळे मिटले, की ती उघडी पडते. हीच रॉम्बर्ग चाचणी. डोळे उघडे असतानाही पाय जुळवून उभं राहता येत नसेल, तर संशय बहुधा लहान मेंदूकडे जातो. आतल्या कानाच्या दोषानेही तोल जातो, म्हणून एका चाचणीवरून निदान होत नाही. चाल, डोळ्यांची हालचाल, पायांतली कंपनाची जाणीव, सगळं जोडून बघतात.

आणि कृपा करून तिथे ‘पास’ होण्यासाठी धडपडू नका! तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, अंधारात भिंत धरावी लागते, थकव्याने किंवा उकाड्याने तोल बिघडतो, हे आवर्जून सांगा. घरी एकट्याने मात्र ही चाचणी करू नका. दवाखान्यात सावरायला कोणीतरी शेजारी उभं असतं.