मदत हवी आहे: मुलगा मिडफिल्डर आहे, उंची कमी, गोल करत नाही. पुढे पाठवावं का? (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, पट्ट्या (मालाच्या हिशेबाचे कागद) लिहितो. फुटबॉल मी कधी खेळलेलो नाही. आमच्या गल्लीत कबड्डी आणि रबरी बॉलचं क्रिकेट एवढंच होतं. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नववीत, चौदा पूर्ण. उंची १४८ सेंटिमीटर, वजन ३७ किलो. २०१९ च्या महापुरात घर सोडून आम्ही एका शाळेत राहत होतो. तिथल्या व्हरांड्यात कुणाचा तरी फुटबॉल आला आणि याला नाद लागला, तो आजतागायत. शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळतो. सर त्याला 'सहा नंबर' म्हणतात. म्हणजे बचावाच्या पुढं उभं राहून चेंडू घ्यायचा आणि वाटून द्यायचा. दोन वर्षांत याचे गोल तीन. पाहुण्यांनी "किती मारलेस रे?" विचारलं की मान खाली घालून आत जातो.

मलाही आधी वाटायचं, हा मैदानात नेमकं करतो काय? एकदा सरांनी मला पायरीवर शेजारी बसवलं आणि म्हणाले, "चेंडू बघू नका, पोराची मान बघा." बघितलं. चेंडू दुसऱ्याच्या पायातून निघायच्या आत हा एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघतो, एकदा उजव्या. चेंडू पोचतो तेव्हा तो कुठं द्यायचा हे याचं ठरलेलं असतं. यार्डात पोती मोजताना आम्ही चार उभ्या रेघा आणि एक आडवी मारतो, तशी याच्या प्रत्येक मागं बघण्याला एक, अशा मी जुन्या पट्टीच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या. अर्ध्या तासात १२७ भरल्या. पुढच्या सामन्यात याच्याच संघातल्या दुसऱ्या मुलाच्या मोजल्या, तर ३१. तेव्हापासून मला याचा खेळ दिसायला लागला. पण निवडणाऱ्या माणसाला तो कसा दिसणार, हे मला कळेना झालंय.

मे महिन्यात पुण्याला एका अकादमीच्या निवड चाचणीला नेलं होतं. नाव लिहीत नाही. अनोळखी पोरांचे संघ पाडले आणि वीस मिनिटांचा सामना लावला. प्रत्येक पोराला स्वतःला दाखवायचं होतं, त्यामुळे चेंडू मिळाला की जो तो एकटाच पळत सुटायचा. याच्या पायाला वीस मिनिटांत चेंडू सात वेळा लागला. शेवटी तिथले प्रशिक्षक म्हणाले, "पास चांगला आहे, पण अंगात काही नाही. उंची वाढली तर पुढच्या वर्षी आणा." स्वारगेटहून एसटीत बसलो ते कराड येईपर्यंत पोरगं एक शब्द बोललं नाही. माझा जीव तुटत होता, पण काय बोलावं तेही सुचेना.

त्यानंतर चार दिवसांनी एका माणसाचा फोन आला. नंबर कुठून मिळाला, देव जाणे. स्पेनमध्ये चाचणी करून देतो, तिथल्या क्लबात सहीही होईल, व्हिसासकट साडेतीन लाख. सौ. म्हणते पाटल्या मोडू, पोराचं नशीब असेल तर कशाला अडवायचं. मला रात्र रात्र झोप नाही.

तर मला एवढं सांगा. उंचीवरून नाकारलेल्या मुलाला या जागेवर पुढं वाव असतो का? सांगलीत ठेवावं, कोल्हापूरला धाडावं की पुण्याला? स्पेनच्या माणसाचं काय करू? आणि अठरा-वीस वर्षांचा झाल्यावर यात पोट भरतं का? दहावी तोंडावर आहे. अजून एक, महिनाभर त्याच्या गुडघ्याच्या खाली, हाडावरच दुखतंय. खेळ बंद होईल या भीतीनं आमच्यापासून लपवत होता.

– दिवाणजी_सांगली

रंकाळाकाठ:
दिवाणजी, पहिलं काम पाटल्यांचं. त्या कपाटातच राहू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाची एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात बदली फिफाच्या नियमानं बंद आहे. अपवाद मोजके, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. चौदा वर्षांच्या मुलाला 'सही करून देतो' म्हणणारा माणूस होऊच शकत नसलेल्या गोष्टीचे पैसे मागतोय. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी नेटवर खुली आहे, त्यात त्याचं नाव शोधा. आमच्या पेठेतल्या एका घरानं असेच पैसे घालवले. पोरगं गेलं, पंधरा दिवस भाड्याच्या मैदानावर खेळलं आणि फोटो काढून परत आलं.

कोल्हापूरचं म्हणाल तर राहायला पाठवू नका, खेळायला पाठवा. मिरजेतून गाडी आहे, तासाभराचा मामला. तालमींच्या (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) पोरांत खेळला की धक्के खायची सवय होईल आणि शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीपुढं खेळायचं म्हणजे काय तेही कळेल. पण आमच्याकडं चेंडू लांब मारायची आणि अंगावर जायची हौस जास्त. सहा नंबरचं शांत डोकं घडवायला रोजचा सराव तुमच्या सरांकडेच चांगला, त्यांची नजर मला पक्की वाटली. सोबत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी करा. शासनाची निवासी सोय आहे. आमचा अनिकेत जाधव तिथूनच पुढं गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

मिरज_फिजिओ:
दादा, गुडघ्याचं आधी. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखतं का? वाढीच्या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत तिथे ऑसगुड-श्लॅटर नावाचा त्रास खूप दिसतो. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू मागे राहतो आणि त्याची दोरी हाडावर जिथे चिकटते तिथे ताण येतो. बहुतेकदा भार कमी करून, मांडीचे ताण देऊन, बर्फ लावून निभावतं. खेळ कायमचा बंद होत नाही, हे त्याला आजच सांगा म्हणजे लपवणार नाही. पण अंदाजावर राहू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतही दुखत असेल किंवा सूज असेल तर लगेच.

तिथेच उंचीचंही विचारा. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, म्हणजे वाढ किती बाकी आहे त्याचा अंदाज येतो. मुलांची सगळ्यात वेगाची वाढ साधारण चौदाच्या आसपास होते, पण कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची सोळाव्या. त्या चाचणीत तुमच्या मुलासमोर मिशा फुटलेली पोरं असणार. इंग्लंडमधल्या अकादम्या यासाठीच कधी कधी मुलांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून खेळवतात.

जुना_आठ_नंबर:
मी मुंबईत बरीच वर्षं मधल्या फळीत खेळलो, कंपनीच्या संघातही होतो. तुमच्या रेघांचं वाचून थांबलो. हेच मोजमाप नॉर्वेचे संशोधक गेइर जॉर्डेट व्हिडिओवर करतात, आणि त्यांच्या अभ्यासात स्पेनचा मिडफिल्डर झावी सगळ्यात जास्त मान फिरवणाऱ्यांत होता. तुम्ही पट्टीच्या पाठीवर तेच केलंत. तो कागद जपून ठेवा.

उंचीवर: क्रोएशियाचा मिडफिल्डर मॉड्रिच, त्याला तिथल्या हायदुक स्प्लिट क्लबनं लहानखुरा म्हणून घेतलं नव्हतं. अठराव्या वर्षी डिनामो झाग्रेब या दुसऱ्या क्लबनं त्याला बोस्नियात मोस्तारच्या क्लबकडे उसना पाठवला, धसमुसळ्या लीगमध्ये. २०१८ ला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याच्या हातात. फ्रान्सचा मिडफिल्डर कांते एकविसाव्या वर्षी फ्रान्सच्या तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. २०१६ ला लेस्टर, २०१७ ला चेल्सी, दोन्हीकडे इंग्लंडची लीग जिंकली, पुढच्या वर्षी विश्वचषक. पण भाऊ, हे दोघं मुलाच्या उमेदीसाठी. तुम्ही घराचा हिशेब त्यांच्यावर मांडू नका. नाकारलेल्या हजारो पोरांची नावं कुणी लिहून ठेवत नाही.

आपल्याकडचं सांगतो. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) हंगाम करारांच्या घोळात थांबवला गेला आणि काही क्लबांनी पगार रोखले. देशातल्या सगळ्यात वरच्या खेळाडूंची ही गत. म्हणून दहावी, बारावी, पदवी सोडायची नाही. शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मात्र कोणत्या पातळीची कामगिरी चालते ते आधी बघून घ्या. जन्मदाखला स्वच्छ हवा. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत हाडांवरून वय तपासतात.

आता चाचणीचं. वीस मिनिटांत सात वेळा चेंडू, यात सगळा दोष बाकीच्यांचा नाही. सहा नंबर चेंडूची वाट बघत उभा राहिला तर अनोळखी पोरं त्याला देणारच नाहीत. त्यानं मागं उतरायचं, गोलकीपर आणि स्टॉपरजवळ (मधल्या बचावपटूजवळ) जाऊन मोठ्यानं मागायचा. थ्रो-इनलाही जवळ जायचं. बोलणारा मिडफिल्डर प्रशिक्षकाच्या कानावर आधी पडतो, नजरेत मग. आणि गोलांचा जोडून-जोडून व्हिडिओ करतात तसला याचा करू नका. उंचावरून, अख्खं मैदान दिसेल असं सलग चित्रीकरण हवं, म्हणजे चेंडू येण्याआधी त्यानं काय बघितलं ते जाणकाराला दिसेल.

दिवाणजी_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवलं. मॉड्रिचचं त्याला आधीच ठाऊक होतं. निर्वासित म्हणून हॉटेलात राहायचा आणि तिथंच गाड्या लावायच्या जागेत खेळायचा, हे त्यानंच मला सांगितलं. महापुरातली शाळा आठवली असणार, पण तो बोलला नाही, मीही नाही.

त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटरच सांगितलं, तीन आठवडे धावणं कमी. मनगटाचा एक्स-रेही केला. हाडांचं वय साडेबारा निघालं. सौ.नं डॉक्टरांना तो आकडा दोनदा विचारून घेतला.

सरावात सध्या तो नुसता उभ्यानं पास देतोय. काल मी कंपाउंडच्या बाहेर होतो. आतून आवाज आला, "इकडं दे, माझ्या मागं कुणी नाही!" सायकल लावून आत गेलो, तर तोच ओरडत होता. घरात पाणी मागायलाही इतका आवाज निघत नाही त्याचा.

एक शंका राहिली. शाळेच्या गच्चीवरून मैदान अख्खं दिसतं. मोबाईल तिथं कठड्याला बांधून लावला तर चालेल का, की इतक्या लांबून पाठीवरचा नंबर ओळखू येणार नाही? कुणी असं केलं असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात शालेय स्पर्धा आहेत, त्याआधी एकदा करून बघायचंय.