पॉइंटांनी महिन्याला हजार वाचवायचे तर किराणा लाखाचा लागेल

हिशेबवही (सांगली)

काल आपल्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं: "बिलाच्या वेळी मोबाईल नंबर सांगा, पॉइंट जमवा, ॲपमधलं कूपन लावा. औषधंसुद्धा जिथं २० टक्के सूट आहे तिथूनच घ्या. महिन्याला हजार रुपये सहज वाचतात. जे करत नाहीत ते आळशी." खाली अंगठ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया, असं हात सैल सोडून धरू. म्हणजे एक टक्का झाला. सहा हजारांच्या किराण्यावर साठ रुपये. हजार पाहिजेत तर लाखाचा किराणा भरा. बरं, ते साठ तरी पुरते हातात पडतात का? ठरावीक पॉइंट साठल्याशिवाय वापरता येत नाहीत, मुदत असते, आणि तेल, साखर, तांदूळ अशा कमी नफ्याच्या मालावर कित्येक योजनांत पॉइंट धरतच नाहीत. बिलातला मोठा आकडा नेमका तोच असतो.

आता तेलाचा डबा घ्या. दुकानात दोन डबे शेजारी मांडलेले असतात, आकारानं सारखेच दिसतात. एकावर १५ लिटर, दुसऱ्यावर १५ किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल. समजा लिटरवाला २,२५० ला आहे आणि किलोवाला २,४०० ला. पहिला किलोला १६५ च्या घरात पडतो, दुसरा १६० ला. वर लिटरवाल्यावर ५० रुपयांचं कूपन लावलं तरी १६१ च्या खाली येत नाही. म्हणजे कूपन लावून महाग तेल घरी आणलं, आणि आनंद मात्र ५० रुपये वाचल्याचा. पिशव्यांचंही तेच. एक लिटरच्या शेजारी ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या असतात, त्यामुळे मागं वजन किती ग्रॅम लिहिलंय ते बघूनच उचला.

पाकिटावर एमआरपीजवळ युनिट सेल प्राइस, म्हणजे एका मापाचा दर, छापलेली असते. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमला असते, वरच्यावर किलोला. ०.३२ रुपये ग्रॅम आणि २९८ रुपये किलो यांत स्वस्त कुठलं हे काउंटरपाशी उभं राहून पटकन कळत नाही, म्हणून ग्रॅमच्या आकड्याला हजारानं गुणायचं. ३२० झाले. शिवाय तो आकडा एमआरपीवर काढलेला असतो, दुकानाच्या दरावर नव्हे. दुकान कमी दरात देत असेल तर भागाकार आपणच करायचा.

डी-मार्टला कार्ड नाही, पॉइंट नाहीत, तरी रविवारी ट्रॉली मिळत नाही. लोक दर बघून जातात.

विश्रामबागची ताई

ती पोस्ट माझीच. दादा, तुम्ही पॉइंटांचा आणि तेलाच्या कूपनाचा हिशेब मांडलात, पण ऑफर सोडून दिल्यात. पॉइंट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. खरा पैसा बँकेच्या कार्डाच्या ऑफरमध्ये आणि एकावर एक मोफतमध्ये आहे, आणि तो नीट वापरायला डोकं लागतं.

ऑफर बहुतेक अशी असते: १० टक्के सूट, जास्तीत जास्त २५० रुपये, बिल किमान ३,०००. तर बिल ३,००० च्या जरासंच वर न्यायचं. तिथं २५० म्हणजे सव्वाआठ टक्के पडतात. सहा हजारांचं एकच बिल केलं तर तेच २५० चार टक्क्यांवर येतात. दोन बिलं करून भागत नाही, कारण ऑफर कार्डाला महिन्यातून एकदाच असते. म्हणून घरात दोन बँकांची कार्डं असतील तर निम्मा किराणा एकावर, निम्मा दुसऱ्यावर. इथंच ५०० झाले. आणखी एक, किमान रक्कम बहुतेक ठिकाणी सूट वजा झाल्यावरची धरतात. ट्रॉलीत ३,०४० दिसतात, दुकानाची सूट जाऊन २,९६० उरतात आणि कार्ड लागत नाही. काउंटरवर हे कळेपर्यंत मागची रांग ओरडायला लागलेली असते. पंधरावीस रुपयांची काडेपेटी, मीठ असं काहीतरी हाताशी ठेवायचं.

एकावर एक मोफत फक्त न खराब होणाऱ्या मालात घ्यायचं. टूथपेस्ट, साबण, भांड्यांचा बार, सॅनिटरी पॅड. रवा, मैदा, बेसन पावसाळ्याच्या तोंडावर दुप्पट उचललं तर श्रावणात टोके आणि जाळ्या चाळत बसावं लागतं, मग मोफतचं पाकीट कचऱ्यात. हे ज्याला कळतं त्याला कूपन परवडतं. दर महिन्याला हजार होत नाहीत, हे मान्य. पण फक्त साठच होतात, असंही नाही.

पेठेतला

तुम्ही दोघं मॉलच्या दारातच भांडताय. गणपती पेठेत चला की. तूरडाळ मुठीत घेऊन बघता येते, पॉलिश किती केलंय ते दिसतं, हळकुंड मोडून आतला रंग बघता येतो. पाच-दहा किलोच्या वर घेतलं की दर उतरतो, त्याला ॲप लागत नाही. कॉलनीतला दुकानदार महिनाभर वहीवर लिहून देतो. पाच हजारांचा माल तीस दिवस बिनव्याजी. पगार दहाला होणाऱ्या घराला ही सोय एक टक्क्याच्या पॉइंटांपेक्षा कितीतरी मोठी आहे. आणि आपल्या भागात साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळतेच. खरी निष्ठेची योजना ती, ऊस घातला त्याचा हक्क. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या कामगारांनी सहकारी दुकान काढलं, तिथं खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा सभासदाला मिळायचा. पॉइंट म्हणजे त्याचीच नक्कल. फक्त मालकी काढून घेतली आणि बदल्यात तुमचा नंबर घेतला.

नंबर तर अजिबात देऊ नका. बिलासाठी ग्राहकाकडे मोबाईल नंबरचा हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्येच दुकानांना सांगितलंय. अडून बसले तर १९१५ ला फोन लावा.

विश्रामबागची ताई

पेठेतल्या दुकानात पाकीटबंद मालावर एमआरपीतला एक रुपया कमी होतो का? साबण, शाम्पू, चहा, बिस्किटं तिथं छापील दरानंच मिळतात. सुटी डाळ तुमच्याकडून, पाकीट मॉलमधून, असं म्हणा. पेठ सगळ्यातच स्वस्त, असं म्हणू नका.

पेठेतला

पाकिटाचं खरं आहे. डाळीचं सोडणार नाही.

स्ट्रिप आणि बॅच (मिरज)

किराण्याचं तुमचं चालू द्या. त्या पोस्टमधलं "औषधं जिथं २० टक्के सूट आहे तिथूनच" हे वाक्य मला खटकलं, कारण त्यानं माणसं फसतात. मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बोलतोय.

सरकारी कमाल दराच्या यादीत जी औषधं आहेत, त्यांच्या दरात किरकोळ दुकानाचा नफा खरेदीवर १६ टक्के धरलेला असतो. म्हणजे कर सोडून ११६ रुपयांतले १६. ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर शंभरातले १४ सुद्धा नाहीत. यादीबाहेरच्या औषधांत सर्वसाधारणपणे २० टक्के. आता सांगा, सरसकट २० टक्के सूट द्यायची तर ती कुठून द्यायची? एक तर कंपनीची दहावर एक फुकट अशी स्कीम मोठ्या प्रमाणात उचलून. दुसरं, प्रोटीन पावडर, टॉनिक, क्रीम माथी मारून. आणि तिसरं, पट्टी बदलून, म्हणजे त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी देऊन.

तिसरं नीट समजून घ्या. यादीबाहेरच्या औषधांत अशा कंपन्यांचा माल येतो की खरेदी समजा दहा रुपये, आणि छापील किंमत सत्तर. चाळीस टक्के सूट देऊन ती पट्टी बेचाळीसला दिली तरी दुकानाला बत्तीस सुटतात. ग्राहक खूश, कारण बिलावर मोठी सूट दिसते. म्हणून टक्का बघायचाच नाही. तेच औषध, तीच मात्रा, एका गोळीला किती पैसे पडले, एवढंच बघायचं. फार्मा सही दाम ॲपवर कमाल दर दिसतो आणि जन औषधी सुगम ॲपवर जवळचं सरकारी जन औषधी केंद्र आणि तिथला दर. जन औषधीत गोळ्या निम्म्या किमतीत, कित्येकदा त्याहून कमी मिळतात. तिथं कूपन नाही, कार्ड नाही. तिथला सुविधा सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक आहे, ताईंच्या एकावर एकपेक्षा स्वस्त.

कृष्णाकाठ

सत्तरच्या छापील किमतीची पट्टी विकतं कोण? तुम्हीच ना? मग ग्राहकाला शिकवता कशाला? चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असतो. दुकानात जाऊन "त्याच मात्रेचं स्वस्त द्या" म्हटलं की "डॉक्टरांनी हेच लिहिलंय", आणि स्टॉक नसला की मात्र "तेच आहे हो, घ्या बिनधास्त". म्हणून लोक ऑनलाइन कूपनकडे वळले. त्याचा दोष ग्राहकावर ढकलू नका.

स्ट्रिप आणि बॅच (मिरज)

दोन्ही वाक्यं काउंटरवर ऐकू येतात, नाकारत नाही. चुकीची आहेत. पण चिठ्ठीवर ब्रँड असेल तर दुकानदारानं आपल्या मनानं बदलून द्यायचं नसतं. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी मूळ औषधाचं (जेनेरिक) नाव लिहावं असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित ठेवला. तेव्हा डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच "मूळ नाव लिहून द्या" म्हणा, नंतर काउंटरवर वाद घालून उपयोग नाही.

स्वस्त पट्टी घेताना नावापुढची अक्षरं तपासा. एसआर किंवा ईआर म्हणजे गोळी हळूहळू विरघळणारी. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन एसआर ५०० एकमेकांच्या जागी चालत नाहीत. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनीसुद्धा बदलू नका. तिथं दहा रुपये वाचवायला जाल आणि तपासणीचा खर्च शेकड्यात जाईल.

ऑनलाइनचं म्हणाल तर कूपनची अट शेवटपर्यंत वाचा. समजा १,४०० चं बिल आहे. १५ टक्के सूट म्हणजे २१० रुपये, हे खरे. वर "१० टक्के कॅशबॅक" म्हणून १४० वॉलेटमध्ये येतात. अट अशी की पुढच्या बिलात पाच टक्क्यांपर्यंतच वापरता येतील आणि मुदत तीस दिवस. पुढचं बिलही १,४०० च, म्हणजे ७० वापरले, ७० बुडाले. तेही ऑर्डर तीस दिवसांच्या आत गेली तर. महिन्याच्या गोळ्या तीस दिवस पुरतात, माणूस एकतिसाव्या दिवशी ऑर्डर करतो आणि सगळेच जातात. अठ्ठाविसाव्या दिवशीच लावा.

कृष्णाकाठ

अठ्ठाविसाव्या दिवसाची गोष्ट उपयोगाची आहे. बाकी दुकानदारांबद्दलचं माझं मत तेच आहे.

विश्रामबागची ताई

औषधाचं वाक्य पोस्टमधून काढते. सूट बिलावर असली म्हणजे झालं, असं मी धरलं होतं, पट्टी बदलण्याचं लक्षात आलं नाही. पण एक सांगा, बाळाच्या दुधाच्या पावडरीवर कुठंच कूपन का लागत नाही? त्यावर पॉइंटही देत नाहीत.

स्ट्रिप आणि बॅच (मिरज)

कायद्यानं बंदी आहे. १९९२ च्या कायद्याप्रमाणे आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीचा खप वाढवायला सूट, भेटवस्तू, कूपन देता येत नाही. बाटल्यांनाही तेच लागू. कुणी देत असेल तर दुकान नियम मोडतंय, तुम्ही हुशारी केलेली नाही.

हिशेबवही (सांगली)

ताईंचा कार्डाचा हिशेब बरोबर आहे. मी तो धरला नव्हता. दोन कार्डं आणि नेमकं बिल, एवढं जमवणाऱ्या घराला ५०० मिळतील. पण किती घरं जमवतील?

आणि करातली कपात विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. जी वस्तू ११८ ला होती ती १०५ ला यायला पाहिजे, म्हणजे ११ टक्के कमी. औषधं १२ वरून ५ वर, म्हणजे ११२ ची १०५. कपड्यांची पावडर मात्र १८ वरच आहे. तेव्हा "१० टक्के सूट" दिसली की आधी ती कुठल्या एमआरपीवर दिलीय ते बघा. जुन्या छापील किमतीवर १० टक्के सोडले तर ११८ चे १०६ होतात. सूट मिळूनही तुम्ही रुपया जास्तच दिला.

पेठेतला

मिरजकर, एक राहिलं. पाचच गोळ्या लिहून दिलेल्या असतात आणि दुकानात म्हणतात पूर्ण पट्टी घ्या. उरलेल्या पाच वाया. सगळ्या पॉइंटांपेक्षा मोठं नुकसान हेच. पट्टी कापून मागितली तर काय बघून घ्यायचं?

स्ट्रिप आणि बॅच (मिरज)

बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पट्टीच्या एकाच कडेला ठोकलेली असते. कापताना ती कड दुकानात राहिली पाहिजे, म्हणजे उरलेल्या गोळ्या पुढं विकता येतात. तुमच्या तुकड्यावर तारीख येणार नाही, म्हणून बिलावर बॅच आणि मुदत दोन्ही लिहून घ्या आणि ते बिल गोळ्यांच्याच पुडीत ठेवा. कापताना कप्प्याच्या मधोमध कात्री गेली आणि फॉइल फाटलं तर ती गोळी घेऊ नका, दमट हवेत दोन दिवसांत ओलावते. आणि पुडीवर तारीख आणि मात्रा पेनानं लिहायला सांगा, तोंडी नको.